धूर आणि शरीराचे पहारेकरी

भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाची आखणी बंगळुरू येथे १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत झाली. क्षयाचे जंतू श्वासावाटे असंख्य माणसांच्या शरीरात शिरतात; प्रत्यक्ष रोग मात्र थोड्यांनाच होतो. हे मुख्यतः रोगप्रतिकारशक्तीवर अवलंबून असते, आणि सिगारेटचा धूर तिच्यावरच आघात करतो.

श्वासनलिकेच्या अस्तरावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू जंतूंनी भरलेला श्लेष्मा घशाकडे लोटीत असतात. धुराने त्यांची हालचाल मंदावते. त्यापलीकडे, वायुकोशांत, जंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशी असतात. धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसांत त्यांची संख्या उलट वाढलेली आढळते. परंतु धुरातील कणांनी त्या भरून गेल्यामुळे त्यांची मारकशक्ती घटते. पहारेकरी वाढतात, पहारा मात्र ढिला पडतो. म्हणूनच अशा व्यक्तीस क्षयाचा धोका सुमारे दुप्पट असतो.

फ्रान्समधील १,००० निरोगी व्यक्तींच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. सिगारेट सोडल्यावर प्रतिकाराचा पहिला, तात्काळ भाग पूर्ववत होतो. जंतूंची स्मृती जपणाऱ्या भागावरील परिणाम मात्र अनेक वर्षे टिकतो, असे त्यांत दिसले. तेव्हा सोडण्याचा लाभ खात्रीचा आहे. विलंबाची किंमत पुढेही मोजावी लागते.