अरीथा फ्रँकलिन: आवाज होता, बाज सापडायचा होता

अरीथा फ्रँकलिनची गोष्ट बहुतेकदा १९६७ पासून सांगितली जाते. त्याआधी ती सहा वर्षं कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गात होती. तो काळ ‘वाया गेलेली वर्षं’ म्हणून दोन वाक्यांत उरकण्याची पद्धत आहे. पण त्या सिंगल्स ओळीने ऐकल्या तर एक विलक्षण गोष्ट कळते. आवाज पहिल्या दिवसापासून तयार होता. त्याच्याभोवती काय उभं करायचं, हेच कुणाला ठरवता येत नव्हतं.

चर्चमधली तालीम

अरीथाचा जन्म २५ मार्च १९४२ चा, मेम्फिसमधला. ती वाढली डेट्रॉइटमध्ये. वडील सी. एल. फ्रँकलिन हे न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्ड निघत आणि खपतही, इतकं त्यांचं वक्तृत्व गाजलेलं. क्लारा वॉर्ड, जेम्स क्लीव्हलँड यांच्यासारख्या गॉस्पेल गायकांचं घरी येणं-जाणं होतं. चौदा वर्षांची अरीथा चर्चमध्ये स्वतः पियानो वाजवत गायली, त्याचं १९५६ मध्ये ध्वनिमुद्रण झालं. ते आज ऐकलं तरी पोरवयाच्या गळ्यातली ती ताकद दचकवते.

यातला पियानो लक्षात ठेवावा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

सिंगलचं गणित

त्या काळी सिंगल म्हणजे सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी. दोन बाजूंना एकेक गाणं, साधारण तीन मिनिटांचं. आपल्याकडे जुन्या तबकड्यांच्या साडेतीन मिनिटांत अख्खा राग मांडणाऱ्या गवयांना ही कसरत नवी वाटली नसती. फरक इतकाच, की इथे यश दर आठवड्याला ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत मोजलं जाई. यादी दोन प्रकारची: एक सर्वसाधारण पॉप गाण्यांची आणि दुसरी ‘रिदम अँड ब्लूज’ची, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या पसंतीची. दुसरीत वर असलेलं गाणं पहिलीत दिसेलच, अशी खात्री नसे.

कोलंबियाची सुरुवात

जॅझ गायिका बिली हॉलिडेला पुढे आणणाऱ्या निर्माते जॉन हॅमंड यांनी १९६० मध्ये अठरा वर्षांच्या अरीथाला कोलंबियात घेतलं. पहिली सिंगल ‘टुडे आय सिंग द ब्लूज’. साथीला पियानोवादक रे ब्रायंट यांचा छोटा जॅझ वाद्यवृंद. गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. हेच गाणं तिने पुढे अटलांटिक कंपनीच्या ‘सोल ’६९’ या अल्बमसाठी पुन्हा गायलं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मला पहिलं जास्त आवडतं. त्यात मागे घोळका नाही, आवाजाला मोकळी जागा आहे.

लगेचच्या ‘वोन्ट बी लाँग’मध्ये तर ती स्वतः पियानोवर आहे, आणि त्या तीन मिनिटांत चर्च सरळ स्टुडिओत शिरलेलं ऐकू येतं. हे गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं, पॉप यादीत मात्र ७६ वर अडकलं. वाट सापडली होती. कंपनीला ती दिसली नाही.

धरसोड

१९६१ च्या अखेरीस ‘रॉक-अ-बाय युअर बेबी विथ अ डिक्सी मेलडी’ पॉप यादीत ३७ वर पोहोचलं. हे अल जोल्सनच्या जमान्यातलं, रंगमंचावरचं जुनं गाणं. कोलंबियातलं हेच तिचं पॉप यादीतलं सर्वांत मोठं यश, आणि घोटाळा बहुधा इथेच झाला. टोनी बेनेट, जॉनी मॅथिस या गायकांच्या कंपनीला तिच्यात नाइट क्लबमध्ये शोभणारी गायिका दिसू लागली. निर्माते बदलत गेले. रॉबर्ट मर्सी यांच्या काळात व्हायोलिनांचे ताफे आले. १९६४ मध्ये गायिका डायना वॉशिंग्टनला वाहिलेला अल्बम निघाला. तो उत्तम आहे, पण त्यातली छाया डायनाची आहे. मग क्लाइड ओटिस यांच्याबरोबर ‘रनिन’ आउट ऑफ फूल्स’ आलं, पॉप यादीत ५७ वर गेलं, आणि त्याच नावाच्या अल्बममध्ये तिला ‘वॉक ऑन बाय’, ‘माय गाय’ अशी इतरांची ताजी गाजलेली गाणी गायला लावली. १९६५ च्या ‘येऽऽ!’ अल्बममध्ये तर स्टुडिओतल्या गाण्यांवर टाळ्यांचा आवाज वरून चढवला.

यातलं एकही गाणं ती वाईट गायलेली नाही. पण साथीची रचना आधी कागदावर तयार व्हायची आणि गायिकेने येऊन त्यात बसायचं, असा बऱ्याचदा क्रम असे. गॉस्पेलमध्ये नेमकं उलटं असतं: गाणारा पुढे जातो, साथ त्याच्या मागून धावते.

अलाबामातला एक दिवस

कोलंबियाचा करार संपल्यावर अटलांटिकचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला घेतलं. (बिलबोर्डमध्ये पत्रकार असताना ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव रूढ करणारे हेच.) २४ जानेवारी १९६७ रोजी ते तिला अलाबामातल्या मसल शोल्स गावी, रिक हॉल यांच्या फेम स्टुडिओत घेऊन गेले. आणि तिला पियानोवर बसवलं.

‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ या गाण्याचा ठेका सुरुवातीला कुणालाच सापडेना. अखेर स्पूनर ओल्डहॅमने इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटी, रेंगाळती चाल धरली. रॉजर हॉकिन्सचे ड्रम त्यात मिसळले, अरीथाने वरून आवाज टाकला आणि गाणं उभं राहिलं. कागदी स्वरलिपी नव्हतीच. वादक ऐकत होते आणि तिच्या मागे जात होते.

त्याच दिवशी तिचा नवरा टेड व्हाइट आणि एक वादक यांच्यात वाजलं. रात्री हॉटेलात रिक हॉल यांच्याशीही भांडण झालं आणि मुक्काम आटोपला. हाती एक पुरं गाणं आणि एक अर्धवट. ‘डू राइट वूमन’ हे अर्धवट गाणं न्यूयॉर्कमध्ये पुरं झालं. पियानो-ऑर्गन अरीथाचे, मागचे आवाज बहिणींचे. फेब्रुवारीत सिंगल निघाली. रिदम अँड ब्लूजमध्ये पहिली, पॉपमध्ये नववी.

‘रिस्पेक्ट’

१४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये तिने गायक ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ गायलं. त्याच्या १९६५ च्या मूळ गाण्यात कामावरून घरी येणारा पुरुष मान मागतो. तिने मागणारी बाई केली. शीर्षकातलं एकेक अक्षर सुटं करून म्हणण्याचा भाग मूळ गाण्यात नाही. बहिणी कॅरोलिन आणि एर्मा यांच्या प्रतिसादांचा रेटाही नाही. किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनसाठी वेगळी स्वरसंगती लागली, ती सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या एका गाण्यातून उचलली. प्रश्न-उत्तरांची ही सगळी घडण चर्चमधली आहे, फक्त विषय घरातला. जूनमध्ये गाणं पॉप यादीत पहिलं आलं.

जुन्या टेप

अटलांटिकचा तिचा पहिला अल्बम मार्च १९६७ मध्ये आला. त्याच महिन्यात कोलंबियानेही आपल्याकडचं साठलेलं काढून ‘टेक इट लाइक यू गिव्ह इट’ बाजारात आणलं आणि पुढे जुनी मुद्रणं काढणं चालू ठेवलं. त्यामुळे १९६७ च्या दुकानात एकाच बाईचे दोन बाज शेजारी-शेजारी विकायला होते.