गहू सोडल्यावरही

लखनौच्या छावणीत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबात सीलिअ‍ॅक व्याधीचे निदान झाले, की कुलचा, शीरमाल आणि घरची पोळी तत्काळ वर्ज्य होतात. तरीही पोट दुखतच राहिले, तर रुग्णाची कैफियत न ऐकता त्याच्यावर अपथ्याचा आळ घेणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते. गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्यातील ज्या सूक्ष्म अंकुरांचा ऱ्हास होतो, त्यांच्यावरच दुग्धशर्करा पचविणारे लॅक्टेज हे विकर वसत असल्याने, अंकुर भरून येईपर्यंत हिवाळ्यातली मक्खन-मलाईही बाधू शकते. पुढे ही असहिष्णुता बहुधा ओसरते. मात्र फोडणीचा हिंग अवश्य तपासावा: बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणविणाऱ्या पदार्थास तर भारतीय कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमचीच कमाल मर्यादा घातली आहे.