नाबोथाचा मळा

आमच्या मंडळीत मी प्रौढांचा बायबल वर्ग घेते. गर्वाचा विषय निघाला की 'पहिले राजे' या पुस्तकाचा 21 वा अध्याय उघडायला सांगते. वडिलोपार्जित जमीन, शेजारी बडा माणूस, खोटे साक्षीदार. नगरकडच्या शेतकऱ्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

काळ इसवी सनापूर्वीचं नववं शतक. उत्तर इस्राएलचा राजा अहाब लहानसहान नव्हता. इ.स.पू. 853 मधल्या कर्करच्या लढाईत त्याचे 2,000 रथ आणि 10,000 पायदळ होतं, असं अश्शूरच्या राजाच्या शिलालेखात कोरलेलं आहे. या राजाला इज्रेलमधल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, भाजीपाला लावायला! मोबदला रास्त होता: याहून चांगला मळा, नाहीतर रोख पैसे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे जमीन देवाची, ती कायमची विकायची नाही. आणि हे राजालाही लागू होतं.

अहाब तोंड फिरवून पलंगावर पडून राहिला, जेवेना. लहान माणसाच्या तोंडचं 'नाही' त्याला गिळवलं नाही. मला गर्व इथे दिसतो, त्या रथांत नव्हे.

पुढचं राणी ईजबेलने केलं, तेही कायद्याच्या चौकटीत बसवून. राजाच्या शिक्क्याची पत्रं इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना गेली. उपास जाहीर झाला. नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवलं. शास्त्राला दोन साक्षीदार लागतात, ते दोन उभे केले. त्याने देवाची आणि राजाची निंदा केली, असा आरोप झाला आणि गावाबाहेर नेऊन त्याला दगडमार करून ठार केलं. त्या वडीलधाऱ्यांवर मी वर्गात बराच वेळ थांबते. नाबोथ त्यांच्याच गावचा. त्यांच्यातल्या एकानेही पत्र परत धाडलं नाही.

अहाब ताबा घ्यायला मळ्यात गेला, तर तिथे एलीया संदेष्टा दत्त म्हणून उभा. खून केलास आणि वर ताबाही घेतोस का, हा त्याचा सवाल. देवाचा न्याय या गोष्टीत आधी असा येतो: गुन्ह्याचं नाव घेऊन, तोंडावर. अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसलं, उपास केला, तेव्हा देवाने त्याच्या घराण्याचा नाश पुढे ढकलला. पुढे रामोथ-गिलादच्या लढाईत वेश पालटून गेलेला अहाब एका सैनिकाने सहज सोडलेल्या बाणाने मेला. त्याचा मुलगा योराम याचं प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकण्यात आलं.

"पण बाई, नाबोथ तर मेलाच ना?" वर्गातल्या एका आजींनी विचारलं.

याचं उत्तर एलीयाच्या गोष्टीत नाही, आणि आहे असं मी सांगत नाही. मी शुभवर्तमान उघडते. येशूच्या खटल्यातही खोटे साक्षीदार आहेत, देवनिंदेचा आरोप आहे, नगराबाहेर नेऊन मारणं आहे. नाबोथाच्या जागी या वेळी देवाचा पुत्र स्वतः उभा आहे. तो मेलेल्यांतून उठला आणि शेवटचा न्याय त्याच्याच हाती आहे, ही आमची श्रद्धा. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात तो न्यायाला बसतो तेव्हा भुकेल्याला, परक्याला, तुरुंगातल्याला तुम्ही कसं वागवलंत एवढंच बघतो. आणि त्यांच्याशी जे केलंत ते माझ्याशी केलंत, असं राजे-रजवाड्यांसकट सगळ्यांना सांगतो.