कुत्र्याची वंशशुद्धता

कुत्र्याची वंशशुद्धता म्हणजे एखाद्या कुत्र्याचे नोंदीत असलेले सर्व पूर्वज एकाच मान्यताप्राप्त जातीचे असणे. ही संकल्पना जीवशास्त्रापेक्षा नोंदवहीशी अधिक निगडित आहे. इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लबची स्थापना झाली आणि त्यानंतर जातींच्या वंशावळी पद्धतशीरपणे ठेवल्या जाऊ लागल्या. भारतात हे काम प्रामुख्याने केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था करते. तिची स्थापना १८९६ साली झाली असून मुख्यालय चेन्नई येथे आहे. जाहिरातीत सांगितलेल्या जातीचेच पिल्लू मिळाले का, ही शंका खरेदीदारांना वारंवार पडते. तिचे निरसन केवळ पाहून क्वचितच होते.

बाह्यलक्षणे

पिल्लाच्या रूपावरून जात ठरविणे अनिश्चित असते. डाल्मेशियनची पिल्ले जन्मतः पांढरी असतात व ठिपके नंतर उमटतात. जर्मन शेफर्डचे कान पहिले काही महिने पडलेले राहू शकतात, म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाचे कान उभे नाहीत एवढ्यावरून ते संकरित ठरत नाही. बहुतेक पिल्लांचे डोळे उघडताना निळसर दिसतात, पुढे रंग बदलतो. याउलट संकरित पिल्लूही लहानपणी एखाद्या जातीशी हुबेहूब जुळू शकते.

रंगाचा पुरावा मात्र काही वेळा निर्णायक ठरतो. लॅब्रॅडॉरचा काळा, तपकिरी किंवा पिवळा रंग मुख्यतः दोन जनुकांवर अवलंबून असतो. पिवळा रंग अप्रभावी जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्यावरच प्रकटतो. त्यामुळे काळ्या नर-मादीपासून पिवळे पिल्लू होऊ शकते आणि त्यात संशयास्पद काही नाही. परंतु दोन्ही पालक पिवळे असल्याचे सांगून काळे पिल्लू विकले असेल, तर सांगितलेले पालकत्व खोटे किंवा चुकीचे आहे. दोन तपकिरी पालकांच्या काळ्या पिल्लालाही हेच लागू पडते. मादीचा माजाच्या काळात एकाहून अधिक नरांशी संयोग झाल्यास एकाच वेतातील पिल्लांचे पिते वेगवेगळे असू शकतात. म्हणजे विक्रेत्याची फसवणुकीची इच्छा नसतानाही एखादे पिल्लू संकरित निघू शकते.

भारतीय बाजारातील नामगोंधळ

भारतात ‘पामेरियन’ म्हणून ओळखले जाणारे बहुतेक कुत्रे प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ जातीचे असतात. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटातील पांढरा टफी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. खरा पामेरियन साधारण दीड ते साडेतीन किलो वजनाचा असतो. स्पिट्झ त्याहून मोठा होतो. येथे फसवणुकीपेक्षा रूढ झालेल्या नावाचा दोष अधिक आहे. ‘डबल बोन’ अथवा ‘डबल कोट’ ही विशेषणे लावून जास्त किंमत मागितली जाते, पण त्या नावांच्या स्वतंत्र जाती नाहीत.

कागदपत्रे व चाचण्या

नोंदणी प्रमाणपत्रात पिल्लाचे पूर्वज व मायक्रोचिपचा क्रमांक दिलेला असतो. चिप खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसवतात आणि पशुवैद्य यंत्राने तिचा १५ अंकी क्रमांक वाचू शकतो. हा क्रमांक कागदाशी जुळला, तर कागद त्याच कुत्र्याचा आहे एवढे सिद्ध होते. चिप जात सांगत नाही. वंशावळीची विश्वसनीयता अखेरीस पैदासकाराने दिलेल्या माहितीवर अवलंबून असते.

जनुकीय चाचणीसाठी गालाच्या आतील भागाचा नमुना घेतात. जात ओळखणारी चाचणी त्या नमुन्याची तुलना प्रयोगशाळेकडील ज्ञात जातींच्या संचाशी करते. संचात नसलेल्या जातीचा कुत्रा असल्यास निष्कर्षात दुसऱ्याच जवळच्या जातींची नावे येऊ शकतात. पालकांचे नमुने उपलब्ध असतील तर पालकत्वाची चाचणी अधिक ठाम उत्तर देते. विक्रेता आई-पिल्ले एकत्र दाखवण्यास तयार आहे का, हा साधा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

वंशशुद्धता म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. जर्मन शेफर्ड व लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो व तो उत्तम वंशावळीच्या कुत्र्यातही असू शकतो.

कायदेशीर बाजू

२०१७ च्या श्वान पैदास व विपणन नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. खोट्या जातीच्या नावाने केलेल्या विक्रीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते. व्यवहार बहुधा रोखीने व पावतीविना होत असल्याने जाहिरात, संदेश व पैसे दिल्याचा पुरावा जपणे आवश्यक ठरते.

देशी जाती

मराठवाड्यातील, विशेषतः लातूर परिसरातील कारवान व कर्नाटकातील मुधोळ या शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या गावांत कागदांशिवाय, धाव व शिकारीच्या कसोटीवर निवडून वाढवले गेले. लिखित मानके नंतर तयार झाली. त्यामुळे गावातल्या जाणकाराने अस्सल मानलेला कुत्रा नोंदवहीत मुळीच नसणे शक्य असते.