कुंडीला ऊन लागतं

मे महिन्यातल्या भर दुपारी रस्त्याकडेच्या वडाकडे बघा. डांबर वितळायला आलेलं असतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि वड मात्र हिरवागार. आता गच्चीवर ट्रेमध्ये वाढवलेला वीतभर उंचीचा वड बघा. पानांच्या कडा भाजून तपकिरी झालेल्या, अर्धी पानं गळालेली, उरलेली माना टाकून बसलेली. जात तीच, सूर्य तोच. पानांचा कारखानाही दोघांचा अगदी सारखा. मग हा छोटाच का होरपळतो?

कारण वडाला ऊन लागत नाही, त्याच्या कुंडीला लागतं.

जमिनीत दिवसाची उष्णता खाली झिरपताना झपाट्याने विरते. दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवर तापमानाचा चढउतार साधारण एक तृतीयांश उरतो आणि हातभर खाली गेलं की दिवस काय नि रात्र काय, मुळांना फारसा फरकच पडत नाही. मोठा वड तिथल्या गारव्यातून पाणी उपसत असतो. बोन्सायचा ट्रे मात्र असतो जेमतेम पाच सेंटिमीटर खोल. त्याला तळघरच नाही! वरून ऊन, कडेने ऊन आणि खालून तापलेला स्लॅब, जो रात्री दहापर्यंत उष्णता ओकत राहतो. बातम्यांत सांगतात ते 41 अंश तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजलेलं असतं. ट्रेला त्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. गडद रंगाच्या ट्रेच्या पश्चिम कडेची माती दुपारी चारच्या सुमारास सहज 45-50 अंशांपर्यंत जाते आणि बहुतेक झाडांची कोवळी मुळं चाळिशी ओलांडली की कामातून जाऊ लागतात.

त्यात आणखी एक पेच आहे. मुळं श्वास घेतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. पाण्यात विरघळणारा प्राणवायू मात्र तापमानाबरोबर घटतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 40 अंशांना साडेसहाच्याही आत. म्हणजे मागणी वाढलेली असतानाच पुरवठा आटतो. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून ओल्या ट्रेत आणखी पाणी ओतणारा माणूस प्रेमापोटी झाडाला गुदमरवत असतो. त्याआधी बांबूची एक काडी मातीत खुपसून पाच मिनिटांनी काढून बघावी. काडी ओली निघाली, तर झाडाला पाणी नको आहे, सावली हवी आहे. संध्याकाळी ते आपोआप मान वर करतं.

पाणी मुळांना मानवेल अशा गारव्यात मिळत राहिलं, तर पान उन्हाशी जो सामना करतं तो थक्क करणारा आहे. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता खर्ची पडते. तेवढंच पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला लागते त्याच्या जवळजवळ सहापट. पान म्हणजे चक्क कूलर. म्हणूनच नागपूरच्या कोरड्या हवेत ते जोरात चालतं आणि ट्रे दिवसातून दोनदा कोरडा पाडतं. मुंबईच्या दमट हवेत पाणी टिकतं, पण पान थंड व्हायची मारामार. तेव्हा पाणी किती घालावं याचा नागपूरकराने दिलेला सल्ला मुंबईकराने जसाच्या तसा ऐकू नये, आणि उलटही.

मुळं थकली आणि पाणी येईनासं झालं, की पान छिद्रं मिटून घेतं. कूलर बंद, बाहेर ऊन तसंच. हरितद्रव्य प्रकाश गोळा करतच राहतं, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, त्यामुळे त्या ऊर्जेचं करायचं काय हा प्रश्न पडतो. पानाकडे त्यावरही तोड आहे. व्हायोलॅक्सँथिन नावाचं एक पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत रूप बदलून झिअ‍ॅक्सँथिन बनतं आणि जादा ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेच्या रूपाने सोडून द्यायला मदत करतं. ऊन उतरलं की पुन्हा मूळ रूपात. रोज, लाखो पानांत, कुणालाही न दिसता हे चालू असतं.

दुसरी तोड सापडली ती अपघाताने. इटलीचे फेरुच्चो रितोसा फळमाश्यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास करत होते. प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणपेटीचं तापमान चुकून वाढवलं आणि रितोसांना गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. 1962 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. उष्णतेने जागी होणारी ती जनुकं विशिष्ट प्रथिनं बनवतात हे पुढे कळलं. उन्हाने पेशीतली इतर प्रथिनं विस्कटू लागली की ही धावून जातात आणि त्यांना घडी मोडू न देता सांभाळतात. वनस्पतींतही हीच यंत्रणा आहे. गंमत अशी, की आधी बेताची उष्णता सोसलेलं झाड नंतरच्या कडक उन्हात तगून जातं. तेच ऊन अंगवळणी न पडलेल्या झाडाला मारून टाकतं. घरातलं बोन्साय एप्रिलमध्ये एकदम गच्चीच्या मधोमध नेऊन ठेवणं म्हणूनच वाईट. आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू पुढचं.

घाबरून झाड कायमचं सावलीत ढकलणंही बरं नाही. वड, पिंपळ, उंबर ही उन्हाचीच झाडं. सावलीत त्यांची पानं मोठी होतात, पेरं लांबतात आणि बोन्सायचा सगळा डौल जातो. तेव्हा झाडाला ऊन द्या आणि ट्रेला सावली. स्लॅबवरून उचलून लोखंडी किंवा लाकडी मांडणीवर ठेवा, खालून वारा खेळू द्या. ट्रेच्या पश्चिम बाजूला एखादी रिकामी कुंडी किंवा पांढऱ्या रंगाची फळी उभी केली तरी मोठा फरक पडतो. मातीवर शेवाळ किंवा नारळाचा काथ्या पसरा. ट्रेभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर उत्तमच. इथे एक गैरसमज असतो: ट्रे मातीचा आहे, म्हणजे माठासारखा गार राहील. तसं होत नाही. माठ पाझरतो म्हणून गार होतो. बोन्सायचा चांगला ट्रे चढ्या आचेवर इतका पक्का भाजलेला असतो की त्याच्या अंगातून थेंब झिरपत नाही. गोणपाट त्याला ते पाझरणं उसनं देतं.

हिरवी शेडनेट लावायची तर निम्मं ऊन अडवणारी पुरते, आणि ती झाडांच्या डोक्यावर हातभर उंच हवी, नाहीतर खाली गरम हवा कोंडते. पण दिशा चुकली तर जाळीचा उपयोग नाही, आणि दिशेचा घोळ मेमध्ये हमखास होतो. हिवाळाभर उत्तरेच्या भिंतीलगतचा कोपरा सावलीत असतो, म्हणून आपण तोच सुरक्षित मानतो. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, नागपुरात 26 मेच्या आसपास. त्या दिवशी मध्यान्हीला झाडाची सावली त्याच्या स्वतःच्याच पायाशी पडते. त्यानंतर पुण्यात थेट जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि मावळतो तोही पश्चिमेपासून वीसेक अंश उत्तरेला. म्हणजे आपला थंडगार कोपरा नेमका तेव्हाच उन्हात येतो. जाळीचा पडदा वायव्येकडूनही खाली सोडायला हवा तो यासाठी.

दुपारी पानांवर पाणी उडालं तर थेंबांचं भिंग होऊन पान जळतं, असं माळीसुद्धा सांगतात. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो आणि त्याचा प्रकाशबिंदू पानावर नीट जुळत नाही, म्हणून पान भाजत नाही. लवदार पानांवर मात्र थेंब केसांवर उचललेला राहतो, तिथे धोका संभवतो. वडाच्या बोन्सायची चिंता करायची तर ती रबरी नळीची करा. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत सोडून द्यावं.

भाजलेली पानं लगेच ओरबाडू नका, खत देऊ नका आणि मेमध्ये ट्रे बदलायचं तर नावच नको. उरलेल्या मुळांवरच झाड तग धरून असतं. जपानी मेपल कौतुकाने आणून विदर्भात ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ज्या झाडाला थंडीत झोप लागते, त्याला वर्धेच्या उन्हात जागं ठेवून काय मिळवायचं? आपल्याकडे उंबर आहे, चिंच आहे, बोगनवेल आहे.

जाळी काढायची ती मृगाचे ढग दाटून आल्यावर. जाळीखाली फुटलेली पानं पातळ असतात. कडक उन्हात एकदम उघडी पडली तर दोन दिवसांत करपतात. चार-सहा ढगाळ दिवस मिळाले की पुढची पालवी जाड येते आणि दमट हवेत वडाच्या पारंब्यांची पांढरी टोकं फांद्यांतून डोकावू लागतात. ट्रे बदलायचं ठरवलं असेल, तर हाताशी माती आणि विटांचे तुकडे तयार ठेवावेत.