डिझेल ट्रक मध्येच बंद पडतो : विजेच्या दोषाचा शोध

बारामती-इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकीच्या परिसरात ऊस, डाळिंब आणि विड्याचे पान ही महत्त्वाची पिके होत. या तिन्ही मालांना वेळेचे बंधन असते. तोडलेल्या उसाचे गाळप शक्यतो २४ तासांच्या आत व्हावे, कारण विलंबाबरोबर उसाचे वजन आणि त्यातील साखर ही दोन्ही घटत जातात. पान तर त्याहूनही नाजूक. म्हणून भरलेला ट्रक रस्त्यात थांबला, म्हणजे नुकसान एकट्या गाडीमालकाचे होत नाही. शेतकऱ्यालाही त्याची झळ पोहोचते.

ट्रकचे पुष्कळसे दोष उघड असतात व ते मेस्त्रीला लवकर सापडतात. परंतु काही वेळा इंजिन चालता चालता एकाएकी थांबते, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर उत्तम चालते. अशा वेळी अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात. पैसा खर्च होतो, दोष मात्र कायम राहतो. पिकावरील रोग ओळखल्यावाचून फवारणी करू नये, हा नियम येथेही तितकाच लागू आहे.

डिझेल इंजिनास वीज कशासाठी लागते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्यामुळे तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाते व ते आपोआप पेटते. मग विजेच्या दोषाने असे इंजिन थांबावे कसे? याचे उत्तर इंधन बंद करण्याच्या योजनेत आहे. अनेक गाड्यांत डिझेल पंपावर किंवा त्याच्या शेजारी सॉलेनॉइड, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका, बसविलेला असतो. चावी लावताच त्यास वीज मिळते व डिझेलचा मार्ग खुला होतो; वीज तुटताच मार्ग बंद होऊन इंजिन थांबते. वीज क्षणभर जरी तुटली, तरी परिणाम चावी काढल्यासारखाच होतो. ज्या जुन्या गाड्यांचे इंजिन दांडी ओढून बंद करावे लागते, त्यांत हा खटका नसतो. तेथे प्रथम डिझेलच्या मार्गातच दोष शोधावा.

देशात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत डिझेलच्या फवाऱ्याचे नियंत्रण संगणकाकडे असते. या संगणकाचा वीजपुरवठा अथवा इंजिनाची गती मोजणाऱ्या सेन्सरचा संकेत तुटला, तरीही इंजिन थांबू शकते.

प्रथम लक्षणे पाहावीत

निदानाचे निम्मे काम चालकाच्या निरीक्षणाने होते. इंजिन थांबते त्या क्षणी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. इंजिन गचके देत, शक्ती कमी होत थांबले, तर बहुधा डिझेलच्या मार्गात हवा, तुंबलेला फिल्टर किंवा टाकीच्या झाकणाचे बुजलेले छिद्र हे कारण असते. चावी फिरवावी तसे ते तत्काळ थांबले, तर विजेचा संशय घ्यावा.

२. चावी चालू असताना इंजिन थांबले, की चार्जिंगचा व ऑइलचा दिवा लागणे स्वाभाविक आहे. हे दिवे लागले नाहीत, तर चावीच्या स्विचचा पुरवठाच तुटलेला असण्याचा संभव असतो. सर्वच दिवे व हॉर्न बंद झाले, तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज व अर्थची जाड केबल पाहावी.

३. दोष खड्ड्यात येतो, की इंजिन तापल्यावर, याची नोंद ठेवावी. शेतातील चाकोरीतून भरलेला ट्रक निघताना चासी पिळली जाते व पत्र्यास घासलेली वायर उघडी पडते. उष्णतेचा परिणाम निराळा असतो. तापमान ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले, तर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे पावपट वाढतो. त्यामुळे जुन्या सॉलेनॉइडची ओढ कमी होते व तो खटका सोडतो. थंड झाल्यावर पुन्हा धरतो.

दोष पकडण्याची रीत

दोष प्रकट असतानाच तो पकडावा लागतो. सॉलेनॉइड असलेल्या गाडीत त्याच्या पुरवठ्याच्या तारेस, गाडीच्याच व्होल्टेजचा, स्वतंत्र फ्यूज असलेला एक लहान दिवा जोडावा. त्याची दुसरी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकास न्यावी व दिवा केबिनमध्ये बांधावा. गाडी नेहमीच्या रस्त्याने न्यावी. दिव्याकडे चालकाने नव्हे, सोबत्याने लक्ष द्यावे.

इंजिन थांबताना दिवा विझला, तर दोष सॉलेनॉइडच्या अलीकडे, म्हणजे स्विच, फ्यूज, रिले किंवा सांध्यात आहे. दिवा मंद झाला, तर सैल अथवा गंजलेला सांधा शोधावा. दिवा पूर्ण तेजाने जळत राहिला, तर पुरवठा निर्दोष आहे. सॉलेनॉइड, त्याचे अर्थ किंवा डिझेलचा मार्ग तपासावा. पुरवठ्यात दोष आढळल्यास दिवा मार्गाच्या मध्यभागी जोडून हीच चाचणी करावी. प्रत्येक खेपेस शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, फिरत्या पट्ट्यापासून हात दूर राखून, वायरिंगचे जुडगे व कनेक्टर एकेक करून हलवावेत. अर्थ तपासण्यासाठी हेडलाइट लावून मल्टिमीटरने बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातू यांमधील व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ असावे. अर्धा व्होल्टहून अधिक भरल्यास अर्थचे सांधे घासून घट्ट करावेत. २४ व्होल्टच्या गाडीत पूर्ण भरलेल्या बॅटऱ्यांचे व्होल्टेज इंजिन बंद असता सुमारे २५ आणि चालू असता साधारणतः २७.५ ते २८.५ असते.

संगणकाच्या गाडीत दिवा जोडू नये. तेथे दोषाचे संकेतांक वाचून घ्यावेत व मल्टिमीटरच वापरावा.

घ्यावयाची दक्षता

चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल कधीही काढू नये. त्याने अल्टरनेटर व संगणक बिघडू शकतात. जळलेल्या फ्यूजऐवजी तार किंवा मोठा फ्यूज घालू नये. वायरिंग पेट घेण्याचा धोका असतो. गाडी धुताना कनेक्टरांवर पाण्याचा जोराचा झोत मारू नये. हंगामापूर्वी उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहून घ्याव्यात.

इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते व ब्रेकच्या टाकीत नवी हवा भरणे बंद पडते. म्हणून ब्रेक वारंवार न दाबता गाडी एकाच प्रयत्नात कडेला घ्यावी आणि धोक्याचे दिवे लावून मागे अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. रात्री रस्त्यात अंधारात उभा असलेला उसाचा ट्रक मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. हा दोष एकदा जरी दिसला, तरी पुढची खेप भरण्यापूर्वी त्याचा शोध लावून घ्यावा. दोष सापडेपर्यंत भाग बदलू नयेत, आणि सापडल्यावर दुरुस्ती लांबवू नये.