अम्हारिक लिपीचे सात क्रम आणि मराठी विद्यार्थी

इथिओपियातील अम्हारिक भाषा ज्या लिपीत लिहितात तिला तेथे ‘फिदल’ म्हणतात. ही लिपी मूळची गीझ या प्राचीन भाषेची. तीत आरंभी केवळ व्यंजनेच लिहीत असत. अक्सूमचा राजा एझाना याच्या काळाच्या सुमारास, म्हणजे इ. स. ४ थ्या शतकात, स्वरचिन्हे अक्षरांना जोडली गेली. ही कल्पना भारतातून गेली असावी असा तर्क काही पंडितांनी केला आहे. तो सिद्ध झालेला नाही. तथापि डावीकडून उजवीकडे जाणारी ही लिपी पाहताच मराठी विद्यार्थ्यास आपली बाराखडी आठवते, आणि घोटाळ्यास आरंभ होतो तो येथेच.

लेखन फारसे कठीण नाही. मूळ अक्षरे ३३, व प्रत्येकाची रूपे ७. ‘ब’ हे अक्षर खालून उघड्या चौकटीसारखे, दोन पायांचे आहे. उजव्या पायाच्या मध्यावर आडवी रेघ दिली की ‘बु’, तळाशी दिली की ‘बि’; डावा पाय आखूड केला की ‘बा’, उजव्या पायास तळाशी वळे जोडले की ‘बे’, आणि उजवा पाय आखूड केला की ‘बो’. सर्वच अक्षरे इतकी शहाणी नाहीत. सहाव्या क्रमाचे रूप तर पाठच करावे लागते.

खरी अडचण याच सहाव्या क्रमाची. त्याचा स्वर इ आणि उ यांच्या मधला, ओठ न वळविता उच्चारावयाचा. पण पुष्कळदा तो मुळीच उच्चारीत नाहीत. हृदय या अर्थाचा शब्द ल आणि ब यांच्या सहाव्या रूपांनी लिहितात. पैकी ल सस्वर, तर ब स्वरहीन व शिवाय द्वित्त! याउलट पहिल्या क्रमाचा ‘अ’ कधीच लोपत नाही. ‘घर’ म्हणताना अंत्य अ गिळण्याची आपली सवय तेथे बाधते.

त, क, च, प यांच्या जोडीस अम्हारिकमध्ये कंठद्वार मिटून, दाबलेली हवा एकदम सोडून काढावयाचे निराळे वर्ण आहेत. आपण त्यांच्या जागी थ, ख म्हणू लागतो. ते सर्वथा चूक, कारण या वर्णांत फुप्फुसातील श्वासाचा अंशही नसतो.

द्वित्व तर लिपी दाखवीतच नाही. ‘गना’ म्हणजे अजून, ‘गन्ना’ म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण, लेखन एकच. म्हणून पहिले शंभरेक शब्द जाणत्याच्या तोंडून ऐकूनच वहीत उतरावेत, व द्वित्त अक्षरावर पेन्सिलीने टिंब द्यावे.